माळ्यावरचं औषध

आमच्या धंद्याला धड नाव नाही. पोरीच्या शाळेत वडिलांचा व्यवसाय विचारला तेव्हा तिनं 'टेम्पो' असं सांगून टाकलं, आणि ते काही खोटं नाही. पण खरं काम म्हणजे लोकांची घरं रिकामी करून देणं. म्हातारं माणूस जातं, पोरं पुण्यात स्थायिक झालेली असतात, गावाकडचं घर विकायचं तरी असतं नाहीतर पाडून नवं बांधायचं असतं. मग आम्हाला फोन येतो. इकडं सुप्यापासून तिकडं इंदापूरपर्यंत आम्ही जातो. लोखंड भंगारात, कागद रद्दीत, तांब्यापितळेची भांडी मोडीत, आणि जे कुणालाच नको ते गोण्यांत भरून कचरा डेपोवर.

आम्ही म्हणजे मी आणि माझे दाजी, थोरल्या बहिणीचे यजमान. टेम्पो माझा, ताकद त्यांची. लाकडी कपाट एकट्यानं पाठीवर घेऊन जिना उतरायचे, तेही बोलत बोलत.

हे काम दिसायला सोपं आहे. पण बंद घरात हात घालणं म्हणजे काय ते घातल्याशिवाय कळत नाही. गादी उचलली की खाली विंचू. फडताळात कागदाखाली दाढीची ब्लेडं. फुटक्या ट्यूबलाइटा, गंजलेले पत्रे, उंदरांच्या लेंड्यांची धूळ. मी एकदा हाताला टाके घेतले आणि त्या दिवसापासून बूट, हातमोजे आणि तोंडाला फडकं असा नियम केला. दाजींनी तो कधी पाळला नाही. बनियन, वर पातळ सदरा, पायात चप्पल. मी हातमोजे चढवले की हसायचे.

"हाताला मेंदी लावलीय का, पाव्हणं?"

मी चिडायचो. मला राग पटकन येतो, ते पंचक्रोशीला ठाऊक आहे, लपवून काय करू! मी ओरडायचो, ते हसायचे, आणि काम चालू राहायचं.

त्या दिवशी आम्ही वडगाव निंबाळकरला होतो. घर एका आबांचं. मला ते कधी भेटले नव्हते. म्हातारे गेल्याला वर्ष झालं होतं, मुलगा आणि सून पुण्याला. किल्ली शेजाऱ्याकडं ठेवलेली, सूनबाई फोनवर सांगत होत्या काय ठेवायचं आणि काय काढायचं. बोलायला चांगल्या होत्या. आबांची खाट काढली तेव्हा तिच्याखाली प्लास्टिकच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं, मलम, खोकल्याच्या अर्धवट बाटल्या असं सगळं निघालं. मी फोन करून विचारलं, "वहिनी, आबांची औषधं आहेत, काय करायचं?"

"टाकून द्या हो. आणि माळ्यावर पण आबांची औषधं आहेत. गोणपाटात गुंडाळलेली. तीही टाका, फक्त जरा जपून."

जपून म्हणाल्या. ते मी नीट ऐकलं होतं. मला वाटलं, म्हाताऱ्याची आठवण, सासऱ्याची माया, म्हणून म्हणाल्या असतील. दाजींना मी तसंच सांगितलं, "वर म्हाताऱ्याची औषधं हायती, तेवढी जपून घ्या."

आमच्याकडं हा शब्द किती ठिकाणी चालतो, बघा. ताप आला की औषध. उसावर किडा पडला की औषध. फवाऱ्यानं मारतात ते औषध, आणि कुणी जिवावर उदार होऊन पितं तेही औषधच. 'त्यानं औषध घेतलं' असं कुणी म्हणालं तर बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ठरवावं लागतं की बरं वाटलं म्हणायचं का गाडी काढायची. पण नुकतीच खाटेखालची पिशवी बघितलेली. माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही, आणि दाजींच्याही.

माळ्याला शिडी नव्हती. घरभर शोधली, शेवटी गोठ्याच्या मागं सापडली. दाजी वर चढले. गोणपाटाचं गाठोडं सुतळीनं आवळून बांधलेलं होतं, आतून काचेचा आवाज येत होता. ते त्यांनी पाठीवर टाकलं, एका हातानं धरलं आणि उतरले. खाली आल्यावर लगेच कुठं ठेवतील! तसंच पाठीवर घेऊन त्यांनी अंगण ओलांडलं, शेजाऱ्याशी गप्पा मारल्या, आणि मग टेम्पोत टाकलं. पाठ ओली झालेली मी बघितली. उन्हाचा घाम, आणखी काय. त्यानंतरही आम्ही बराच वेळ राबत होतो. सदरा तसाच अंगावर.

बारामतीच्या वाटेला लागलो तर केबिनमध्ये वास येत होता. उग्र, कुबट वास. मी म्हटलं, "कोणतरी फवारतंय." रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रानं, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. मी काच वर केली. आणि काच वर केल्यावरही वास गेला नाही.

दाजी गप्प झाले होते. एरवी गाडीत त्यांचं तोंड बंद नसतं. मी बघितलं तर चेहऱ्यावरून पाण्यासारखा घाम, तोंडातून लाळ गळतेय, ते बाहीनं पुसतायत. म्हणाले, "डोळ्याफुडं धुकं धरलंय रं. गाडी थांबीव." थांबवेस्तोवर उलटी झाली. मग हातपाय लटलट कापायला लागले. मी टेम्पो कसा चालवला ते मला आठवत नाही. दवाखान्याच्या फाटकावर हॉर्न दाबून धरला होता एवढं आठवतं.

डॉक्टर तरुण होते. बॅटरी घेऊन डोळे बघितले आणि मला विचारलं, "कुठलं औषध?"

मी म्हटलं, "न्हाय हो, त्यांना कसलं औषध चालू न्हाय."

"शेतातलं विचारतोय. प्यायलेत का?"

"प्यायलेत? आवो कामावर हुतो आमी! दिवसभर माझ्या डोळ्यासमोर हायती!" आणि बोलता बोलताच माझ्या डोळ्यापुढं ती ओली पाठ आली. मी म्हटलं, "गाठोडं. पाठीवर घेतलेल्या गाठोड्यात म्हाताऱ्याची औषधं हुती."

त्यांनी पुढं ऐकूनच घेतलं नाही. "कपडे काढा, सगळे. साबणाच्या पाण्यानं धुवा याला. इतका वेळ हा सदरा अंगावर कसा ठेवलात?" सिस्टरनी कात्रीनं सदरा कापला. दाजींची पाठ कमरेपर्यंत तेलकट झाली होती. "आणि ती बाटली घेऊन या," डॉक्टर म्हणाले, "नाव कळलं तर बरं."

मी टेम्पोपाशी गेलो. हातमोजे घातले. गाठोडं सोडलं तर आत खोकल्याच्या जुन्या बाटल्या, एकीचं बूच तडकलेलं. आणि एकाही बाटलीवर कागद नाही. कागद गळून पडलेला नव्हता, खरवडून काढलेला होता. ब्लेडनं, अगदी काचेपर्यंत. मला काही समजेना. बाटल्या दुसऱ्या पिशवीत घालून आत नेल्या, डॉक्टरांनी लांबून वास घेतला, मान हलवली आणि इंजेक्शनं सुरू केली.

मग मी ताईला फोन केला. म्हटलं, "ताई, दाजींना औषध बाधलंय. बारामतीला ये, घाबरू नको."

मी 'बाधलंय' म्हटलं होतं. शेजारच्या बाईनं तिच्या हातून फोन घेतला, तिनं दुसरीला सांगितलं, आणि ताई रिक्षात बसेपर्यंत अख्ख्या आळीत झालं होतं की तिच्या नवऱ्यानं औषध घेतलं. ती आली तेव्हा पायांत चप्पल नव्हती. मला बघितलं आणि माझी कॉलर धरली.

"का घेतलं रं त्यांनी?"

"घेतलं न्हाय, ताई. सांडलं. पाठीवर सांडलं."

तिला ऐकूच जात नव्हतं. आणि तेवढ्यात हवालदार आला. असल्या केसमध्ये येतोच, त्याचं ते काम. त्यानं तिला विचारलं, "घरात काही भांडण वगैरे?"

माझी बहीण जन्मात खोटं बोललेली नाही. ती म्हणाली, "व्हय. सकाळी मीच बोलले."

"अगं काय बोलतीस!" मी ओरडलो.

"मग काय सांगू? त्यांना टोपी घावना. सगळं घर उलटंपालटं केलं. मी चिडले. म्हनलं, जावा की एकदाचं! आसं म्हनले मी." आणि ती दवाखान्याच्या फरशीवर बसली. "जावा एकदाचं म्हनले, आन् ते निघाले की रं."

मी हवालदाराच्या अंगावर गेलो. ह्या बाईचं काय लिहून घेताय, ती शुद्धीवर आहे का, असं बरंच काही बोललो. तो म्हणाला, "तुम्ही जरा गप बसा." शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी सांगितलं की सगळं पाठीवर आहे, पोटात काही गेल्यासारखं दिसत नाही. हवालदाराचं समाधान झालं. ताईचं झालं नाही. माणसाला जगायचं नसलं तर तो काहीही करतो, असं कुठल्या तरी बाईनं तिच्या कानाशी म्हटलं होतं आणि ते तिच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. ती मला परत परत एकच विचारत होती, "त्यांनी बाटली उघडून बघितली हुती का रं? तू तितं हुतास का? सारा वेळ हुतास का?"

मी होतो. पण माळ्यावर ते एकटेच होते. ते मी तिला सांगितलं नाही.

आता माझा राग एकाच माणसावर जाऊन थांबला. मी बाहेर जाऊन सूनबाईंना फोन लावला. तोंडात शिव्या तयार होत्या, मोजून सांगतो असं नाही, पण भरपूर होत्या.

"वहिनी, तुमच्या औषधानं माझे दाजी मरायला टेकलेत! विष हाय वर, आसं सांगता आलं न्हाय का तुमाला? सरळ विष म्हणायला तोंड दुखत हुतं का?"

त्या म्हणाल्या, "आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही हो."

त्यांच्या नणंदेनं घेतलं होतं. आबांची एकुलती एक लेक, कॉलेजात जाणारी. सूनबाई तेव्हा नव्यानं लग्न होऊन आलेल्या. डबा गोठ्याच्या फळीवर होता, वर ठळक नाव, लाल खूण, सगळं. त्यानंतर आबांनी औषधाचा डबा म्हणून घरात दिसू दिला नाही. फवारणी झाली की उरलेलं आपल्या खोकल्याच्या बाटल्यांत भरायचे, कागद ब्लेडनं खरवडायचे, गोणपाटात बांधायचे आणि माळ्यावर. शिडी लपवून ठेवायची तीही त्यासाठीच. ओतून टाका म्हटलं तर म्हणायचे, ओढ्यात ओतलं तर जनावरं मरतील, पुरलं तर कुणीतरी उकरंल. नाव वाचता आलं नाही तर घरातल्या कुणाचा हात जाणार नाही, असं त्यांना वाटायचं.

"मी 'जपून' म्हटलं होतं हो," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.

म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. माझ्या तोंडातल्या शिव्या तोंडातच राहिल्या. ज्याच्यावर ओरडावं असं कुणी उरलंच नव्हतं. म्हाताऱ्यानं आपल्या घरादाराला जपलं आणि ते जपणं आमच्या पाठीवर सांडलं, आता ह्यात कुणाचा गळा धरायचा? मग त्यांच्या यजमानांनी फोन घेतला. वडील काय फवारायचे ते त्यांना आठवत होतं, ते त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "तेच धरून चाललोय आम्ही."

पुढचे दिवस वाईट गेले. दाजींना मध्येच भ्रम व्हायचा, हवेत हात मारायचे, कपाट उचलल्यासारखे. श्वासाला नळी लावली, काढली. ताई खाटेच्या पायाशी बसून राहायची. जेवण नाही, पाणी नाही. आळीतल्या बायका भेटायला यायच्या आणि दबक्या आवाजात विचारायच्या, कशापायी घेतलं म्हणे? मी एकीला दारातूनच परत पाठवलं. ताई मला रागावली सुद्धा नाही. मला तेव्हा खरी भीती वाटली. दाजी गेले असते तर जाण्याचं दुःख होतंच, पण माझी बहीण उरलेला सगळा जन्म ते तीन शब्द घेऊन बसली असती.

एके दिवशी दुपारी त्यांनी डोळे उघडले आणि या वेळी ते आमच्याकडंच बघत होते. घशातून आवाज येत नव्हता. ताई वाकली. तिनं जे विचारायचं ठरवलं होतं ते तिच्यानं विचारवेना, नुसते ओठ हलत होते. दाजी तिच्याकडं बघत राहिले. मग खरखरीत आवाजात म्हणाले,

"टोपी... टेम्पोतच हुती की गं. सीटच्या मागं."

ताईनं असा हंबरडा फोडला की सिस्टर धावत आल्या. त्यांना वाटलं, गेले. मीही भिंतीकडं तोंड करून रडलो, सांगायला लाज कसली!

दाजी घरी आले, पण पूर्वीचे दाजी काही आले नाहीत. हात थरथरतात. पाण्याची घागर उचलवत नाही. टेम्पोत माझ्या शेजारी बसून येतात आणि घराच्या दारात खुर्ची टाकून बसतात. मी हातमोजे विसरलो तर तेच आठवण करतात. मेंदीचं पुन्हा कधी बोलले नाहीत. त्या बाटल्या अजून माझ्याकडं एका बंद पिंपात पडून आहेत, वर मी रंगानं 'विष' असं लिहिलंय. डेपोवाले घेत नाहीत, दुकानदार घेत नाही, कुठं द्यायच्या ते कुणी धड सांगत नाही.

हे सगळं मी आईला सांगायला डाळजला गेलो. आई तिथं आमच्या जुन्या घरात राहते, हलायला तयार नाही. तब्येत बरी आहे, विसरायला मात्र होतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. त्या आबांचं आणि त्यांच्या लेकीचं ऐकताना तिनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली,

"आपल्यातबी हाय एक बाटली."

"कसली बाटली?"

"औषधाची. लपवलीया मी."

"कुठं?"

तिनं घरभर नजर फिरवली. "आठवत न्हाय रं."

त्याच घरात माझी पोरगी सुट्टीला येऊन राहते, डबे उघडते, खाऊ शोधते. मी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं आणि लोकांची घरं रिकामी करतो तसं आईचं घर रिकामं करायला घेतलं. दाजी आणि ताईही आले. दाजी अंगणात खुर्चीवर बसून सांगत होते, आधी खाली बघ, मग हात घाल. माळा झाला, फडताळ झालं, धान्याची पिंपं झाली. भिंतीतले कोनाडे झाले. आई उंबऱ्यात बसून बघत होती आणि प्रत्येक वेळी म्हणत होती, तितं न्हाय, तितं तुझा हात गेला आसता.

माझा हात? मला कळेना.

शेवटी राहिली तिची लग्नातली ट्रंक. मुलगा कशाला आईची ट्रंक उघडेल? मी कधीच उघडली नव्हती. वर जुनी लुगडी, आमच्या अंगातली झबली, आणि तळाशी तिचा लग्नातला शालू. शालू उचलला तर हातात तुकडे आले. मधला सगळा भाग जळल्यासारखा विरलेला, आणि त्यात एक बाटली, कागद खरवडलेली.

आई उठून जवळ आली होती. शालूचे तुकडे बघितले आणि तिनं उघडा हात पुढं केला.

"आई! हात लावू नको!" मी असा ओरडलो की अंगणात दाजी उठून उभे राहिले.

आईनं हात मागं घेतला. माझ्याकडं बघितलं. मी कॉलेजात असताना एकदा बापाशी भांडून, ताट भिरकावून, दोन दिवस घरात कुणाशी बोललो नव्हतो. मी ते विसरूनसुद्धा गेलो होतो. सगळं विसरणारी माझी आई तेवढं विसरली नव्हती.

"आरडू नको रं," ती हळूच म्हणाली. "तुझा हा राग बघूनच लपवली हुती."